थिबा राजा आणि ग्रुपबाय

कंपन्यांच्या नोंदणीची राज्यवार यादी सरकारने खुली करून ठेवली आहे. मागच्या शनिवारी ती उतरवून घेतली आणि पायथॉनमधलं ग्रुपबाय लावलं: आधी राज्य, मग वर्ष. दोन ओळींचं काम. महाराष्ट्राच्या गटात वर्षं बघत वर गेलो, तर चक्क १८६३!

आता गंमत बघा. आपलं राज्य झालं १ मे १९६० ला. मग त्याआधी ९७ वर्षं ही 'महाराष्ट्रातली' कंपनी कुठून आली?

प्रत्येक कंपनीला सीआयएन नावाचा २१ अक्षरांचा क्रमांक असतो. त्यात राज्याची दोन अक्षरं, त्यांना लागून नोंदणीचं वर्ष. मेख अशी की वर्ष जन्माचं, पण राज्य आजच्या नोंदणीकृत पत्त्याचं. १८६३ वाली कंपनी म्हणजे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. नोंदणी मुंबईत, धंदा ब्रह्मदेशातल्या सागवानाचा. १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांनी तेच निमित्त करून मंडाले घेतलं आणि थिबा राजाला आणून ठेवलं आपल्या रत्नागिरीत! एवढं सगळं रामायण आपल्या तक्त्यात महाराष्ट्राच्या नावापुढे नुसता '१' म्हणून बसतं.

उलटंही होतं. इन्फोसिसची नोंदणी १९८१ ची, पुण्यातली. १९८३ मध्ये मंडळी बंगळुरूला गेली. आज तिच्या सीआयएनमध्ये 'केए' आणि '१९८१' शेजारी शेजारी आहेत. म्हणजे ग्रुपबायच्या लेखी ती जन्मापासून कर्नाटकची. पुणं गायब!

आणि टाटा स्टील? १९०७ ची नोंदणी, पत्ता मुंबईचा, पण भट्ट्या पेटल्या साकचीत, म्हणजे आजच्या झारखंडमधल्या जमशेदपुरात. तिथल्या घामाचा '१' पण आपल्याच खात्यात.

यात ग्रुपबायचा काही दोष नाही. विचारलं तेच त्याने मोजलं. पण 'कोणतं राज्य पुढे' असे तक्ते दर थोड्या दिवसांनी आपल्या मेलबॉक्समध्ये येतात आणि वाशी-बेलापूरच्या लोकलमध्ये त्यावर तावातावाने भांडणं होतात. त्या आकड्यांतून एवढंच कळतं की कागदोपत्री पत्ता कुठला. कारखाना कुठे, नोकऱ्या कुठे, कंपनी मुळात कुठून निघून आली, याला त्यात रकानाच नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी असा तक्ता आला की भांडा जरूर, पण आधी विचारा: हे राज्य कधीचं?