जुनी गिरणी आणि देशाची घटना

सोलापुरात ‘जुनी मिल’ म्हटले की निराळा पत्ता सांगावा लागत नाही. मोरारजी गोकुळदास ह्यांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. ते साल दुष्काळाचे होते, हे विसरून चालणार नाही. शेते करपली, हातमागाला गिऱ्हाईक उरले नाही. पोटामागे शहरात आलेल्या कुणब्याला आणि विणकराला भोंग्याची वेळ पाळणे भाग पडले. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसे एकाच पाळीला उभी राहिली. सोलापूरची चौभाषी बोली शाळेत नव्हे, साचेखात्यात घडली असे आम्हांस वाटते. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक होताच हेच कामगार काम टाकून बाहेर पडले आणि शहरात मार्शल लॉ आला. तो इतिहास आपल्याला पाठ आहे.

त्यानंतरची एक गोष्ट मात्र आपण वकिलांच्या स्वाधीन करून मोकळे झालो.

२७ ऑगस्ट १९४९ रोजी ह्या गिरणीला टाळे लागले. हजारो घरांच्या चुली तिच्यावर पेटत होत्या. ९ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे घटना अमलात यायला सतरा दिवस उरले असता, सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला. पुढे त्याचा कायदा झाला. संचालक गेले, भागधारकांचे ठराव सरकारच्या मान्यतेवाचून निरर्थक ठरले. चिरंजितलाल चौधरी नावाचे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. एकट्या कंपनीसाठी कायदा केला, मग समता कोठे राहिली, असा त्यांचा सवाल होता. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने बहुमताने अर्ज फेटाळला : एकच कंपनी हादेखील स्वतंत्र वर्ग असू शकतो.

पण प्रकरण मिटले नाही. सरकारी संचालकांनी भागांची उरलेली रक्कम मागताच द्वारकादास श्रीनिवास ह्यांनी दावा लावला, आणि डिसेंबर १९५३ मध्ये त्याच न्यायालयाने तोच कायदा रद्द केला. कारभार काढून घेणे म्हणजे मोबदल्यावाचून मालमत्ता हिरावणे होय, असा निर्णय झाला. १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती झाली तिच्यामागे हाही निकाल होता. सार्वजनिक हितासाठी कारभार मर्यादित काळ हाती घेण्याची मोकळीक तीत आली. आमच्या गावच्या एका गिरणीपायी देशाची घटना हलली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती नाही.

अभिमान वाटतो खरा. पण निकालपत्रे चाळताना मन खट्टू होते. भागधारकांची नावे तेथे आहेत, भागांच्या रकमा आहेत. कामगार मात्र कायद्याच्या प्रास्ताविकात एकदाच येतो, तोही ‘समाजाच्या एका विशिष्ट वर्गात’ पसरलेली बेकारी म्हणून. त्या वर्गाने ते महिने कसे काढले, हे कोणी न्यायालयाला सांगितले नाही आणि न्यायालयानेही विचारले नाही. ते विचारावयाचे तर सोलापुरातल्या घरांतच विचारावे लागेल. तेथे गिरणी थांबली तरी सूप मांडीवर घेऊन विडी वळणारी बाई थांबत नव्हती.