स्पोर्ट्स मोटारींतील ‘फ्रंट लिफ्ट’ यंत्रणा : वजन किती, भरवसा किती?

स्पोर्ट्स मोटार जमिनीलगत ठेवण्यामागे निव्वळ देखणेपणाचा हेतू नसतो. गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी गाडी वळणावर कमी कलते. पुढील बंपरची खालची कड जितकी रस्त्याजवळ, तितकी गाडीखाली शिरणारी हवा कमी होते आणि भरधाव वेगातही चाकांची पकड टिकते. मात्र हीच गाडी तळघरातील वाहनतळाच्या उतारावर अथवा गतिरोधकावर आली, की तिची पुढची कड घासते. ही कड अनेकदा कार्बन तंतूंची असते आणि ती बदलण्याचा खर्च मोठा असतो.

या अडचणीवरील उपाय म्हणजे गाडीचा पुढील भाग तात्पुरता उचलणारी यंत्रणा. पोर्शे कंपनीने २००९ मध्ये आपल्या ‘९११ जीटी३’ या मोटारीसाठी ती पर्यायी सुविधा म्हणून दिली. बटण दाबताच गाडीचा पुढील भाग ३० मिलिमीटर वर येत असे. फेरारी, लॅम्बोर्गिनी आणि मॅकलॅरेन या कंपन्याही अशी यंत्रणा देतात. २०२० च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये हा भाग तीन सेकंदांच्या आत सुमारे ४० मिलिमीटर उचलला जातो. शिवाय उपग्रहाधारित स्थाननिश्चितीच्या साहाय्याने एक हजारपर्यंत ठिकाणे लक्षात ठेवून तेथे गाडी आपोआप उचलण्याची सोय त्यात आहे.

यंत्रणेची रचना तत्त्वतः सोपी आहे. विजेवर चालणारा लहान पंप तेलावर दाब निर्माण करतो. हे तेल नळ्यांवाटे पुढील दोन्ही शॉक ॲब्सॉर्बरवरील कंकणाकृती सिलिंडरांत जाते. सिलिंडर स्प्रिंगच्या बैठकीला ढकलतो आणि त्यामुळे गाडीचा सांगाडा वर उचलला जातो. त्यानंतर झडप बंद होते, पंप थांबतो आणि पुढील भागाचा भार कोंडलेल्या तेलावर तोलला जातो. वेग ठराविक मर्यादेपलीकडे गेला, की गाडी आपोआप पूर्ववत खाली येते. कॉर्व्हेटमध्ये ही मर्यादा ताशी सुमारे ४० किलोमीटर आहे.

ही वेगमर्यादा ठेवण्यास सबळ कारण आहे. गाडी उचललेली असताना शॉक ॲब्सॉर्बर आधीच ताणलेला असतो, त्यामुळे चाकाला आणखी खाली जाण्यास फारसा वाव उरत नाही. खड्डा आल्यास चाक रस्ता सोडू शकते. चाकांचे कोनही बदललेले असतात. अशा स्थितीत वेगाने वळण घेणे धोक्याचे असते.

तीन-चार सेंटिमीटरने असे काय साधते, ही शंका रास्त आहे. ९११ च्या पुढील व मागील चाकांतील अंतर २,४५० मिलिमीटर आहे. पुढील चाकांपाशी गाडी ४० मिलिमीटर उचलली, तर त्यांच्या ९० सेंटिमीटर पुढे असलेली बंपरची कड सुमारे ५५ मिलिमीटर वर जाते. गाडीच्या पोटाचा मध्य मात्र केवळ २० मिलिमीटरच उचलला जातो. भारतीय रस्त्यांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा ठरतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. पुढचे चाक अशा गतिरोधकाच्या पायथ्याशी असताना बंपरच्या कडेखालची उंची सुमारे साडेसात सेंटिमीटर भरते. तेथे ही यंत्रणा गाडी वाचवते. मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर पोटाला तर साडेचार सेंटिमीटर मोकळीकही पुरते. परंतु गल्लोगल्ली हौसेने बांधलेले अरुंद, उभट उंचवटे दोन चाकांच्या मधोमध सापडतात. ते थेट पोटाला भिडतात आणि पुढून उचलण्याचा तेथे फारसा लाभ होत नाही.

आता वजनाचा मुद्दा. पंप, तेलटाकी, झडपा, नळ्या आणि दोन सिलिंडर मिळून काही किलोंची भर पडते. शर्यतीच्या शौकिनांना ही भर खुपते. त्यांच्या शंकेला पोर्शेच्याच २०१६ मधील ‘९११ आर’ या मोटारीने परस्पर उत्तर दिले आहे. केवळ ९९१ गाड्यांपुरत्या मर्यादित या मोटारीचे वजन १,३७० किलो राखण्यासाठी छत मॅग्नेशियमचे, मागील काच प्लॅस्टिकची करण्यात आली. वातानुकूलन आणि रेडिओ हेही मूळ गाडीतून वगळण्यात आले. तरीही पुढील भाग उचलण्याची यंत्रणा मागणीनुसार बसवून देण्याची सोय ठेवण्यात आली होती. जीटी३ मोटारीची ६४ लिटरची टाकी आणि पर्यायी ९० लिटरची टाकी यांत भरलेल्या पेट्रोलचाच फरक सुमारे १९ किलो होतो. तेव्हा वजनावरून होणारी चर्चा बरीचशी अवास्तव आहे. केवळ शर्यतमार्गावर धावणाऱ्या गाडीत ही यंत्रणा नको, हे खरे. पण तेथे तिची गरजच नसते.

विश्वासार्हतेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. सिलिंडर चाकाच्या कमानीत, म्हणजे धूळ, चिखल व पाणी यांच्या माऱ्यात असतात. त्यांची ऑईल सील झिजली, की तेल पाझरू लागते. उचललेली गाडी हळूहळू खाली बसते. कधी एकच बाजू बसते आणि गाडी तिरकी दिसते. पंपाची मोटार वा रिले बिघडल्यास गाडी उचललीच जात नाही. मात्र ती खालच्या, म्हणजे नेहमीच्या स्थितीत असल्याने चालवता येते. झडप अडकून गाडी वरच राहणे हा बिघाड त्याहून वाईट, कारण तशी गाडी संथपणे कार्यशाळेत न्यावी लागते. दुरुस्तीत केवळ सुटा भाग बदलून भागत नाही. नळ्या उघडल्यावर तेलातील हवा काढून टाकावी लागते आणि शॉक ॲब्सॉर्बरही या यंत्रणेसाठीचेच लागतात. शर्यतीसाठी निराळे शॉक ॲब्सॉर्बर बसवू इच्छिणाऱ्यांना त्यामुळे अनेकदा ही यंत्रणा काढून ठेवणे भाग पडते.

ज्या गाडीत कारखान्यातून ही यंत्रणा आलेली नाही, तिच्यात नंतर बसवण्यासाठी हवेच्या दाबावर चालणारे संच मिळतात. त्यांत कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी असते. टाकीत साचणारा ओलावा वेळोवेळी काढला नाही, तर झडपा गंजतात. समुद्रकाठच्या दमट शहरांत याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

जुनी गाडी विकत घेताना तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उचलावी, दोन्ही पुढील चाकांच्या मध्यापासून कमानीपर्यंतचे अंतर मोजावे आणि यंत्रणेने परवानगी दिल्यास ती तशीच तासभर ठेवून पुन्हा मोजावे. एक बाजू खचलेली आढळल्यास दुरुस्तीचा खर्च विचारूनच सौदा करावा. चाकांचे संरेखन मात्र नेहमी गाडी खाली असतानाच करून घ्यावे. उतारावर गाडी थोडी तिरकी घालून एकेक चाक चढवण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते, आणि तिचे वजन शून्य आहे.