दोन वाटांचा इतिहास : खांडवा–अकोला लोहमार्ग आणि मेळघाटचा वाघ



पलासिया हे आपल्या वस्तीचे नाव पळसावरून पडले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आज येथे पळस शोधावा लागतो. जंगल एका दिवसात नाहीसे होत नाही. आधी ते तुटते, मग तुकड्यांत उरते आणि अखेरीस नुसते नावात उरते. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते भूगोल शिकवताना नकाशात आधी डोंगर, मग नद्या आणि सर्वांत शेवटी रस्ते भरायला सांगत. त्या क्रमाचा अर्थ मला फार उशिरा कळला.

मी मराठीचा अध्यापक. वन्यजीवशास्त्रातला माझा अधिकार वाचकाचाच. तरीही हा विषय निवडला, कारण तो ज्या लोहमार्गावरून जातो, तो आपल्यापैकी अनेकांच्या घरांच्या इतिहासातूनही गेलेला आहे.

इंदूरला रेल्वे यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. त्यातून खांडवा ते इंदूर हा मीटरमापी ‘होळकर स्टेट रेल्वे’चा मार्ग त्याच दशकात उभा राहिला. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून, चोरलचे खोरे धरून, कालाकुंड-पातालपाणीचा घाट चढून गाडी महूला पोहोचू लागली. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात, १९६० च्या सुमारास, हा धागा खांडव्याच्या दक्षिणेस अकोल्यापर्यंत आणि तेथून हिंगोली-पूर्णेकडे जोडला गेला. तोपर्यंत वऱ्हाडात जाणाऱ्यास खांडव्याला उतरून, सामान हलवून, भुसावळमार्गे दुसरी गाडी धरावी लागे. आता इंदूरला बसावे आणि अकोल्याला उतरावे, अशी सोय झाली. कितीतरी सोयरिकी या गाडीने जुळवल्या. माझे आजोळ अकोल्याचे. उन्हाळ्याच्या सुटीत तुकईथड गेले की आई आम्हां भावंडांना खिडकीपासून मागे ओढी. पुढे धूळघाटाचे वळण येई. तेथे मार्ग स्वतःलाच वेढा घालून उतरतो. मग वान रोड, हिवरखेड, आकोट. त्या रानात वाघ आहे, एवढे आम्हांस ठाऊक होते. आपली गाडी त्याच्या घरातून चालली आहे, हे मात्र कोणाच्या मनातही आले नाही.

सातपुड्याच्या या भागाचे नाव मेळघाट. घाटांचा मेळ तो मेळघाट, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. त्या काळची कल्पना सरळ होती : उत्तम रान निवडावे, त्यास कुंपणासारखे संरक्षण द्यावे, आत वाघ वाढेल. कल्पना चुकीची नव्हती, परंतु अपुरी होती. वाघाचा नर दोनेक वर्षांचा झाला की आईचे क्षेत्र सोडून स्वतःचे शोधू लागतो. त्याला वाट मिळाली नाही, तर तो बापाशी झुंजतो किंवा गावात शिरतो. नवे रक्त येणे थांबले की थोड्याच पिढ्यांत आप्तांची आप्तांत पैदास होऊ लागते आणि वंश दुबळा होत जातो.

हे ज्ञान जगातही हळूहळूच आले. जर्मन भूगोलतज्ज्ञ कार्ल ट्रोल याने १९३९ मध्ये विमानातून घेतलेली छायाचित्रे अभ्यासताना ‘भूदृश्य-परिस्थितिविज्ञान’ अशा अर्थाची संज्ञा वापरली. रान, शेत, ओढा, गाव हे सर्व मिळून एक वीण आहे आणि ती एकत्रच वाचावी, असा तिचा आशय. १९६७ मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन यांनी बेटांवरील जीवसृष्टीचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला : बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून जितके दूर, तितक्या त्यावरील जाती कमी. पुढे अभ्यासकांच्या ध्यानात आले की शेतांनी वेढलेले रान हेही एक बेटच आहे.

मध्य भारतात याचा पडताळा वाघाच्या विष्ठेने दिला. विष्ठेत आतड्यातील पेशी असतात, त्यांतून प्राण्याचा जनुकीय ठसा मिळतो. वाघ न पाहता, न पकडता त्याचे गोत्र कळते. कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट या चार क्षेत्रांवरील असा अभ्यास संदीप शर्मा, तृष्णा दत्त आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्यामधले रान अद्याप सलग आहे, त्या कान्हा-पेंच आणि सातपुडा-मेळघाट या जोड्यांत देवाणघेवाण टिकून होती. जेथे मधला पट्टा विरला, तेथे ती ओसरली होती. त्याच वर्षी आदित्य जोशी, अद्वैत एडगावकर, उमा रामकृष्णन आदींच्या अभ्यासानेही मध्य भारतातील वाघ मानवी वस्तीच्या जाळ्यातून वाट काढत परस्परांशी संबंध राखून आहेत, हे दाखवले. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक गळपट्टा लावलेला तरुण वाघ शेते, रस्ते, ओढे ओलांडत महिनोन् महिने भटकला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत जाऊन थांबला. दूर कशाला, मे २०२३ मध्ये आपल्या महूच्या लष्करी आवारात वाघ कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा शहर चकित झाले. वाघ आकाशातून पडत नाही. चोरल-बडवाहच्या बाजूची विंध्याची राने अजून कोठेतरी जोडलेली आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आता पुन्हा आपल्या लोहमार्गाकडे येतो. रतलाम-अकोला मार्ग रुंदमापी करण्याचे ठरले आणि २०१७ मध्ये अकोला-खांडवा गाडी थांबली. जुनी गाडी संथ होती, दिवसातून मोजक्या फेऱ्या करी. नवा मार्ग म्हणजे वेग, मालगाड्या आणि रात्रंदिवस वर्दळ. त्याचा चाळीसेक किलोमीटरचा भाग व्याघ्रप्रकल्पातून जातो. वाद उभा राहिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जंगलाच्या पश्चिमेकडून हिवरखेड, सोनाळा, जामोद, खकनार अशा गावांवरून तुकईथडला मिळणारा पर्याय पुढे आला. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून त्याचाच आग्रह धरला आणि पुढे मार्ग बाहेरून वळवण्याचे ठरले.

या निर्णयाने अनेकांची मने दुखावली, त्यांत आपलेही लोक आहेत. ‘वाघासाठी आमची गाडी अडवता काय?’ हा प्रश्न मी माझ्याच घरात ऐकला आहे. तो प्रश्न क्षुद्र नव्हे. वळशाने लांबी वाढते, खर्च वाढतो, वर्षे जातात, आणि आकोटच्या लेकीला इंदूरच्या माहेरी येणे कठीण होते. परंतु त्यास दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, याच मेळघाटच्या गाभ्यातून बोरी, कोहा, कुंड यांसारखी कोरकूंची गावे वाघासाठी हलवली गेली. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची चूल हलली, त्यांच्या रिकाम्या रानातून आपण वेगाने गाडी न्यावी, हे कोणत्या न्यायात बसते? वळसा घेणे हे वाघापेक्षाही त्या कोरकूंचे देणे आहे. दुसरे असे की, रानात स्थानके होती, तरी प्रवासी थोडे. नव्या वाटेवर सोनाळा-जामोदसारख्या मोठ्या गावांना प्रथमच रेल्वे मिळेल.

जेथे वळसा शक्य नसतो, तेथेही उपाय असतो. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पेंचच्या रानातून जातो. न्यायालयीन लढ्यानंतर महाराष्ट्राच्या हद्दीत तेथे प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी खालून जाण्याच्या वाटा ठेवल्या गेल्या, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत रुंदीच्या. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी त्यांतून जाणाऱ्या अठरा जातींच्या प्राण्यांची नोंद केली, त्यांत वाघही होते. वर मालमोटारी, खाली वाघ. दोघांनाही जाऊ देता येते, मात्र आराखडा काढतानाच दुसऱ्या वाटसरूची आठवण हवी.

मारुती चितमपल्लींनी आपल्या पुस्तकाला ‘रानवाटा’ हे नाव दिले. भाषेचा विद्यार्थी म्हणून मला त्या शब्दात मोठी समज दिसते. रानालाही वाटा असतात आणि त्या आपल्या वाटांहून जुन्या आहेत. होळकरांच्या कोटीने जो धागा सुरू झाला, त्याने माणसे जोडली, याचे ऋण मी विसरणार नाही. पण तोच धागा दुसऱ्या कोणाची वीण उसवत होता, हे कळल्यावर ते मान्य करणे हा इतिहास शिकण्याचा उपयोग आहे.

कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. वाघाच्या गरजाही तीनच : भक्ष्य, पाणी आणि वाट. पहिल्या दोन आपल्याला १९७३ पासून ठाऊक आहेत, तिसरी शिकायला अर्धे शतक लागले. या शाळेतील मुले उद्या अभियंता होतील, अधिकारी होतील, रस्ते आखतील. त्यांना आजपासूनच नकाशा गुरुजींच्या क्रमाने भरायला शिकवावे : आधी डोंगर, मग नद्या, आणि रस्ते सर्वांत शेवटी.