शिक्षकजीवनावरील विनोदी मालिका, दूरचित्रवाणीवरील

शाळेतील वा वर्गातील शिक्षकाच्या रोजच्या जीवनातील प्रसंगांवर आधारलेल्या, ठरावीक पात्रे व ठरावीक स्थळ कायम ठेवून भागांच्या रूपाने सादर होणाऱ्या विनोदी नाट्यमालिकांचा हा एक प्रकार. यांतील विनोद प्रसंगनिष्ठ असतो. शिक्षकाची समाजातील प्रतिष्ठा व त्याची प्रत्यक्ष आर्थिक स्थिती यांतील विसंगती हा त्याचा मुख्य आधार होय.

या प्रकाराचा उगम अमेरिकेत झाला. ‘अवर मिस ब्रुक्स’ ही मालिका 1948 मध्ये नभोवाणीवर सुरू झाली व 1952 ते 1956 या काळात दूरचित्रवाणीवरही सादर झाली. ईव्ह आर्डेन या अभिनेत्रीने रंगविलेल्या इंग्रजीच्या शिक्षिकेचा तुटपुंजा पगार हा त्यातील एक नित्याचा विषय होता. ‘मिस्टर पीपर्स’ (1952–55) या मालिकेचा नायक विज्ञानाचा भिडस्त शिक्षक होता. इंग्लंडमध्ये ‘प्लीज सर!’ (1968–72) व ‘माइंड युवर लँग्वेज’ (1977–79) या मालिका लोकप्रिय झाल्या. यांपैकी दुसरीत परदेशी प्रौढांना इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकाचा वर्ग दाखविला असून निरनिराळ्या देशांतील लोकांच्या साचेबंद चित्रणामुळे तिच्यावर टीकाही झाली.

मराठी साहित्यात शिक्षक हे पात्र आधीपासूनच रुजलेले होते. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (1955) या कादंबरीचा निवेदक धनगरांच्या वस्तीवर नेमलेला तरुण मास्तर आहे. पु. ल. देशपांडे यांनी ‘व्यक्ती आणि वल्ली’ या संग्रहात चितळे मास्तरांचे व्यक्तिचित्र रेखाटले. तथापि दूरचित्रवाणीवरील आरंभीच्या मराठी विनोदी मालिकेत मान मिळाला तो कारकुनाला. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. 1970–80 या दशकाच्या उत्तरार्धात या केंद्राने चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव व गुंड्याभाऊ या पात्रांवर आधारित मालिका सादर केली. तीत दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी भूमिका केल्या. जोशी हे स्वतः बडोदे येथे पालीचे अध्यापक होते. परंतु त्यांचा नायक पांढरपेशा कारकून होता व त्याच्या घरातील गोंधळ हाच मालिकेचा विषय होता.

या मालिकेचा प्रेक्षकवर्ग प्रक्षेपणाच्या मर्यादेने ठरलेला होता. मुंबई केंद्राचे कार्यक्रम त्या काळी मुख्यत्वे मुंबई, पुणे व त्यांच्या परिसरात दिसत. परभणी जिल्ह्यातील मानवतसारख्या कापसाच्या बाजारपेठेच्या गावी ते पोहोचत नसत. 1984 च्या सुमारास देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे मोठ्या संख्येने उभारली गेली. मात्र त्यांवरून प्रामुख्याने दिल्लीचे राष्ट्रीय कार्यक्रम दाखविले जात. त्यामुळे लहान गावांतील अनेक मराठी कुटुंबांत दूरचित्रवाणी आली ती प्रथम हिंदी बोलत.

शिक्षकाच्या वर्गावर आधारलेली ‘जबान संभाल के’ ही मालिका हिंदीतच व ‘माइंड युवर लँग्वेज’चे रूपांतर म्हणून अवतरली (1993). राजीव मेहरा दिग्दर्शित या मालिकेत पंकज कपूर यांनी मोहन भारती या शिक्षकाची भूमिका केली. अभियांत्रिकीची पदवी असूनही त्या क्षेत्रात नोकरी न मिळाल्याने तो एका भाषासंस्थेत परदेशी व परभाषिक विद्यार्थ्यांना हिंदी शिकवितो. विजू खोटे यांनी विठ्ठल बापूराव पोटे हा मराठी विद्यार्थी, तर शुभा खोटे यांनी संस्थेच्या प्रमुख दीक्षित या साकारल्या. उच्चारांची व अर्थांची गफलत हे येथील विनोदाचे साधन होते. अशा मालिकांचे आयुष्य बहुधा अल्प ठरते. वर्ग व विद्यार्थी तेच राहतात आणि विद्यार्थी भाषा शिकला, तर विनोदाचे मूळच नाहीसे होते. म्हणून त्याला शिकू न देणे मालिकेला भाग पडते.

मराठवाड्यात मात्र वर्गातील भाषेची ही अडचण विनोदापुरती नव्हती. 1948 पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (1918) माध्यमिक व उच्च शिक्षणात उर्दू हे प्रमुख माध्यम होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला इतिहास व गणित उर्दूतून शिकावे लागे. उर्दू न आल्यास त्याची पुढील वाट खुंटे. याच्या प्रतिक्रियेतून हिप्परगे (1921), अंबाजोगाई इ. ठिकाणी राष्ट्रीय वृत्तीच्या शाळा वाढल्या. या दोन्ही ठिकाणी अध्यापन केलेले स्वामी रामानंद तीर्थ (1903–72) पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. 17 सप्टेंबर 1948 नंतर मराठी माध्यमाचा प्रसार झाला, तेव्हा उर्दूतून शिकलेल्या शिक्षकांनाच मराठीतून शिकविण्याची तयारी करावी लागली. एका पिढीच्या आत फळ्यावरची लिपी बदलली. मुलांसमोर उभे राहणारे मास्तर अनेक ठिकाणी तेच राहिले.

शिक्षकजीवनाचे हे स्वरूप पाहता, वर्गातील भाषिक गोंधळाचे कथानक परदेशातून आणावे लागले ही गोष्ट लक्षणीय आहे. दूरचित्रवाणीच्या विनोदाला विषय पुरविणारे जग प्रथम महानगरीय होते. कारण निर्मिती, प्रक्षेपण व जाहिरातदार ही तिन्ही तेथेच एकवटलेली होती. कादंबरी व व्यक्तिचित्र यांना अशी अट नसल्याने खेड्यातील मास्तर छापील पानावर आधी आला. अमोल पालेकर यांनी ‘बनगरवाडी’वर चित्रपट काढला (1995), तेव्हा तो पडद्यावर आला, पण कादंबरी प्रसिद्ध होऊन त्या वेळी चाळीस वर्षे लोटली होती.