मोटारसायकल बांधणी (वाहतुकीसाठी)

मोटारसायकल पिकअप, टेम्पो किंवा ट्रेलरवर चढवून प्रवासात ती हलू अगर आडवी होऊ नये म्हणून बांधण्याची पद्धत. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत यासाठी ट्रेलर क्वचितच वापरतात. बंद पडलेली किंवा अपघातग्रस्त दुचाकी सहसा पिकअपच्या हौद्यातून नेतात. मुंबई–नाशिक महामार्गावर लतीफवाडीपुढे कसारा घाट, तर कल्याण–अहिल्यानगर रस्त्यावर टोकावडे, मोरोशीपुढे माळशेज घाट लागतो. घाटातील चढ-उतार, वळणे व ब्रेक यांमुळे बांधणीवर सर्व बाजूंनी ताण येतो.

पद्धत : 100 ते 125 सीसीच्या गाडीचे वजन साधारणपणे 110 ते 125 किलो असते, ती फळीवरून दोघा-तिघांनी चढवावी. पुढचे चाक हौद्याच्या पुढील भिंतीला सरळ टेकवून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवतात, पेट्रोलचा कॉक असल्यास तो बंद करतात. पुढच्या शॉकअपच्या वरच्या जोडापासून दोन्ही बाजूंना, पुढे व खाली तिरके पट्टे घेऊन शॉकअप निम्मे दबेपर्यंत समान ताणतात. दबलेली स्प्रिंग पट्टे ताठ ठेवते. पूर्ण दाबल्यास ऑइल सील खराब होऊ शकते. मागील दोन पट्टे गाडीच्या चौकटीला बांधतात.

दक्षता : गाडी साइड स्टँडवर उभी करून बांधू नये, धक्क्यांनी स्टँड वाकतो. नायलॉनची दोरी ताणाने सैल पडते, म्हणून रॅचेटचे पट्टे श्रेयस्कर. पट्टा घासतो तेथे गोणपाट घालावे. थोडे अंतर गेल्यावर आणि घाट चढण्यापूर्वी थांबून प्रत्येक पट्टा पुन्हा तपासावा. हौद्यात गाडीशेजारी माणूस बसवणे धोक्याचे असते.