हिमोफिलिया : रक्त थांबत नाही, गुडघा वारंवार सुजतो? जिल्ह्यातल्या रुग्णांना स्वयंसेवी संस्थेचा आधार

छत्रपती संभाजीनगर : दात पडला अन् दोन दिवस रक्त चालूच. कान टोचले किंवा सुंता केली, रक्त थांबेना. रांगतं पोर साधं आपटलं तरी गुडघा टम्म सुजतो. असं वारंवार होत असेल तर तो हिमोफिलिया असू शकतो.

हा जन्मजात आजार आहे. रक्त गोठवणारा आठ नंबरचा फॅक्टर कमी असेल तर हिमोफिलिया 'ए', नऊ नंबरचा कमी असेल तर 'बी'. 'ए' साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. बाहेरच्या जखमेपेक्षा सांध्याच्या आत होणारा रक्तस्राव जास्त घातक. तो पुन्हा पुन्हा झाला की गुडघा, कोपर कायमचे आखडतात.

दोष आईकडून मुलाकडे येतो, म्हणून सासरी खापर सुनेवर फुटतं. हे चुकीचं आहे. साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो.

1983 मध्ये अशोक बहादूर वर्मा यांनी दिल्लीत 'हिमोफिलिया फेडरेशन ऑफ इंडिया' सुरू केलं. ते स्वतः या आजाराचे रुग्ण होते. फेडरेशनच्या देशभर ऐंशीहून जास्त शाखा आहेत, त्यांना चॅप्टर म्हणतात. एक चॅप्टर आपल्या शहरातही आहे. चॅप्टर चालवतात ते मुख्यतः रुग्ण अन् त्यांचे आईबाप. रुग्णाची नोंद करणं, तपासणीला वाट दाखवणं, फॅक्टर कुठं मिळेल ते सांगणं, घरीच शिरेत इंजेक्शन घ्यायला शिकवणं, व्यायामाची शिबिरं घेणं अशी त्यांची कामं. नवीन आईबापांना सगळ्यात मोठा धीर मिळतो तो याच आजारासह मोठी झालेली, कामधंदा करणारी माणसं समोर पाहून.

फॅक्टरचं इंजेक्शन महाग असतं. राज्यातल्या ठरावीक सरकारी केंद्रांत ते मोफत मिळतं. पण सोयगाव-कन्नडहून घाटीत यायचं म्हणजे काही तास जातात, म्हणून निघण्याआधी फोन करून साठा विचारा. 2016 च्या कायद्यानुसार हिमोफिलिया दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत येतो. प्रमाणपत्र अन् यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो.

सांधा सुजला तर मालिश, शेक अजिबात नको. बर्फ कापडात गुंडाळून ठेवा, पाय उंच ठेवा, हालवू नका. ॲस्पिरिन देऊ नका. दुखण्यावर कोणती गोळी द्यायची ते डॉक्टरांना विचारा. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन देणाऱ्याला आधी आजार सांगा. लस मात्र चुकवू नका. आशाताईंना सांगून ठेवा, बारीक सुई वापरून ती जागा नंतर बराच वेळ दाबून धरावी लागते.

डोक्याला मार लागला तर पोर हसतंखेळतं दिसलं तरी थांबू नका. थेट मोठ्या दवाखान्यात न्या अन् डॉक्टरांना दारातच सांगा : हिमोफिलिया आहे, आधी फॅक्टर द्या, मग स्कॅन करा.