मराठवाड्यातील स्वशासनाचा प्रश्न

पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील मराठी भाषिक प्रदेशाने प्रथम निजामाच्या राज्यात आणि पुढे महाराष्ट्र राज्यात आपला कारभार व विकास यांवर अधिकार मिळविण्यासाठी जे प्रयत्न केले, त्यांचा समावेश या विषयात होतो. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी व उस्मानाबाद हे संस्थानातील पाच मराठी जिल्हे होत. त्यांतूनच पुढे जालना (१९८१), लातूर (१९८२) व हिंगोली (१९९९) हे जिल्हे वेगळे निघाले. लहान किंवा मागासलेला प्रदेश मोठ्या राज्यात सामील होताना कोणत्या गोष्टींना अग्रक्रम द्यावा आणि कोणत्या बाबी लेखी हमीने बांधून घ्याव्या, या प्रश्नाचा अभ्यास करण्यास मराठवाड्याचा इतिहास उपयुक्त आहे. हिंगोली जिल्ह्याच्या परिसरात या इतिहासातील अनेक टप्पे जवळून पाहावयास मिळतात.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात हिंगोली हे ‘हैदराबाद काँटिन्जंट’ या फौजेचे एक प्रमुख ठाणे होते. फौजेचा खर्च निजामाचा, अधिकारी मात्र इंग्रज, अशी तिची रचना होती. फौजेच्या खर्चापायी निजामावर कर्ज साचले आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्गकडील प्रदेश त्याला इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. त्यांपैकी शेवटचे दोन १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मात्र १९०२ च्या करारान्वये वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने गेले. १९०३ मध्ये ही फौज भारतीय सैन्यात विलीन झाली व हिंगोलीच्या छावणीचे महत्त्व संपले. नावाने स्वतंत्र असलेल्या राज्याच्या तिजोरीचा व शस्त्रांचा ताबा दुसऱ्याच्या हाती असेल, तर ते स्वातंत्र्य किती मर्यादित असते, हे हिंगोलीच्या छावणीवरून स्पष्ट होते.

राज्याला सार्वभौम अधिकार नव्हते, त्याचप्रमाणे प्रजेला राज्यकारभारात वाटा नव्हता. राज्यकारभाराची भाषा आरंभी फार्सी व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दूच होते. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो भारतातील एक आरंभीचा प्रयोग म्हणून महत्त्वाचा असला, तरी मराठी, तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेची ती मातृभाषा नव्हती. सार्वजनिक सभांवर ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने कडक निर्बंध घातले होते. १९१९ मध्ये मुलकी नियम लागू होऊन सरकारी नोकऱ्यांत स्थानिक रहिवाशांना प्राधान्य मिळाले. तथापि प्रशासनातील वरिष्ठ जागांपर्यंत मराठी जिल्ह्यांतील फार थोडे लोक पोहोचू शकले.

जबाबदार राज्यपद्धतीची मागणी : राजकीय संघटनांवरील बंधनांमुळे संस्थानातील जागृतीने प्रथम सांस्कृतिक व भाषिक रूप धारण केले. तेलंगणात आंध्र महासभा आणि कन्नड भागात कर्नाटक परिषद, त्याप्रमाणे मराठी भागात महाराष्ट्र परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये तत्कालीन परभणी जिल्ह्यातील परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. मराठी शाळा, ग्रंथालये, नागरी स्वातंत्र्य व शेतकऱ्यांची गाऱ्हाणी हे या परिषदेचे आरंभीचे विषय होते. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या स्थापनेची तयारी चालू असतानाच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्यामुळे सत्याग्रह सुरू झाला. याच वर्षी उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वंदेमातरम् चळवळ केली आणि तीत मराठवाड्यातील अनेक तरुण पुढे आले. शासनाने १९३९ मध्ये जाहीर केलेल्या सुधारणांत प्रादेशिक मतदारसंघांऐवजी हितसंबंधांनुसार प्रतिनिधित्व देण्याची योजना होती व मंत्रिमंडळ विधिमंडळास जबाबदार नव्हते. त्यामुळे या सुधारणा लोकांचे समाधान करू शकल्या नाहीत.

जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. येथे ‘स्वातंत्र्य’ या एकाच शब्दाचे दोन परस्परविरोधी अर्थ समोर आले. राज्यकर्त्याच्या दृष्टीने तो सिंहासनाचा अधिकार होता, तर स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील चळवळीच्या दृष्टीने प्रजेचे राज्य व भारतात विलीनीकरण या दोन गोष्टी अभिन्न होत्या. २९ नोव्हेंबर १९४७ चा ‘जैसे थे’ करार, रझाकारांचे अत्याचार आणि सीमेवरील सशस्त्र प्रतिकार या घटनांनंतर १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात भारत सरकारने केलेल्या पोलीस कारवाईने या पर्वाचा शेवट झाला. या लढ्यातील हुतात्मा बहिर्जी शिंदे यांची स्मृती वसमत येथील महाविद्यालयाच्या नावाने जपली गेली आहे. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळ कायदा झाला आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर बी. रामकृष्णराव यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. अशा रीतीने जबाबदार राज्यपद्धती प्रत्यक्षात आली. आता तीन भाषांच्या या राज्याचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न उरला.

नागपूर करार : मराठी भाषिकांच्या एका राज्यात सामील होण्याविषयी मराठवाड्यातील नेत्यांत व्यापक एकमत होते. विदर्भात स्वतंत्र राज्याचा पक्ष प्रबळ असल्यामुळे तेथील नेत्यांना आश्वासने देणे आवश्यक ठरले. या दोन्ही परिस्थितींचा परिणाम २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात दिसतो. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, देवीसिंह चौहान, भगवंतराव गाढे इत्यादींच्या त्यावर सह्या आहेत. महाविदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे राज्याचे तीन घटक मानावे, निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात करावे, मराठवाड्याच्या अविकसित स्थितीकडे विशेष लक्ष द्यावे, यासंबंधीचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, शासकीय सेवा व धंदेशिक्षणातील प्रवेश यांत लोकसंख्येनुसार वाटा मिळावा आणि विधिमंडळाचे दरवर्षी एक अधिवेशन नागपूर येथे व्हावे, ही त्यातील महत्त्वाची कलमे होत.

या कलमांकडे धोरणात्मक अग्रक्रमांच्या दृष्टीने पाहिले असता त्यांचे दोन वर्ग पडतात. अधिवेशन, उच्च न्यायालयाचे पीठ यांसारख्या बाबी दृश्य असून त्या पाळल्या की नाहीत हे लगेच कळते. निधी, नोकऱ्या व शिक्षण यांतील वाट्यासाठी मात्र मोजमाप, हिशेब व देखरेख यांची गरज असते. पहिल्या वर्गातील बाबी मुख्यतः विदर्भाला, विशेषतः नागपूरला, मिळाल्या व टिकल्या. मराठवाड्याची भिस्त दुसऱ्या वर्गावर होती. आणि त्यासाठी लागणारी यंत्रणा करारात नव्हती.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ व्या अनुच्छेदात विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे स्थापण्याची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे सोपविण्याची तरतूद झाली. ती राष्ट्रपतींच्या आदेशावर अवलंबून होती व तसा आदेश ३८ वर्षे निघाला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. हे विलीनीकरण विनाअट होते, असे मराठवाड्यात अभिमानाने सांगितले जाते. पुढे त्याच शब्दाला तक्रारीचा सूरही येऊ लागला.

तेलंगणाशी तुलना : त्याच संस्थानातून निघालेल्या तेलंगणाने वेगळा मार्ग पत्करला. २० फेब्रुवारी १९५६ च्या सभ्य गृहस्थांच्या कराराने त्याने प्रादेशिक समिती, नोकऱ्यांतील संरक्षण व महसुली शिलकीचा तेलंगणातच विनियोग अशा हमी घेऊन आंध्रशी संयोग केला. त्या पाळल्या जात नाहीत, या भावनेतून १९६९ चे आंदोलन उद्भवले, १९७३ मध्ये प्रादेशिक समिती रद्द झाली आणि २ जून २०१४ रोजी स्वतंत्र तेलंगण राज्य अस्तित्वात आले. म्हणजे एका प्रदेशाने विश्वास ठेवला व दुसऱ्याने अटी घातल्या. तरीही असंतोष दोन्हीकडे निर्माण झाला. अटी असणे वा नसणे यापेक्षा त्यांची अंमलबजावणी कोणी, केव्हा व कोणत्या पैशातून करावयाची हे ठरलेले असणे अधिक निर्णायक असते, असे यावरून दिसते. इटलीतील दक्षिण तिरोल या जर्मन भाषिक प्रांताचा अनुभवही असाच आहे. १९४६ च्या कराराने तेथील तंटा मिटला नाही. १९७२ च्या स्वायत्तता कायद्याने अधिकार, करांतील वाटा व अंमलबजावणीचा क्रम निश्चित केल्यानंतरच १९९२ मध्ये तो औपचारिक रीत्या संपुष्टात आला.

विकास आंदोलन : मराठवाड्यास १९५८ मध्ये औरंगाबादचे विद्यापीठ व १९७२ मध्ये परभणीचे कृषी विद्यापीठ मिळाले. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर धरणांमुळे वसमत, परभणी व नांदेडकडील शेतीस कालव्याचे पाणी पोहोचले. परंतु रेल्वेमार्ग अरुंद रुंदीचेच राहिले, उद्योग आले नाहीत आणि शिकलेल्या तरुणांना नोकऱ्या मिळेनात. त्यात १९७२ च्या दुष्काळाची भर पडली. १९७४ मध्ये वसमत येथे पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी मृत्युमुखी पडले आणि या घटनेने मराठवाडा विकास आंदोलन सर्व प्रदेशात पसरले. पुढे गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने ही मागणी सातत्याने मांडली. रुंदमापी रेल्वे, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, सिंचन व वैधानिक विकास मंडळ हे तिचे अग्रक्रम होते. औरंगाबाद येथे १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. मनमाड–औरंगाबाद–परभणी मार्गाचे रुंदीकरण मात्र १९९० च्या दशकात पार पडले. पूर्णा–हिंगोली–अकोला मार्ग रुंदमापी होण्यास २००८ साल उजाडले.

या आंदोलनाचे वैशिष्ट्य असे, की त्याने स्वतंत्र राज्याची मागणी केंद्रस्थानी आणली नाही. मराठी राज्यात राहूनच आपला वाटा निश्चित करून घेणे, ही त्याची भूमिका होती. वेगळे होण्याचा धाक नसलेल्या प्रदेशाचे म्हणणे ऐकले जाण्यास विलंब लागतो, हा या भूमिकेचा तोटा. आणि भाषिक ऐक्यास तडा न जाता प्रश्न सोडविण्याची वाट मोकळी राहते, हा तिचा लाभ होय.

अनुशेष व वैधानिक मंडळे : १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने प्रादेशिक असमतोल प्रथमच आकड्यांत मांडला. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका मागे, तितका त्याचा अनुशेष, असे सूत्र तिने वापरले. १९८४ च्या अहवालानुसार एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये होता व त्यात मराठवाड्याचा वाटा २३.५६ टक्के होता. ९ मार्च १९९४ रोजी राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि १ मे १९९४ पासून तीन वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली. त्यानंतर नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ चा अनुशेष सु. १४,००७ कोटी रुपये ठरविला. दहा वर्षांत रक्कम चौपटीहून अधिक झाली. या वाढीत किंमतवाढीचा व मोजणीच्या व्याप्तीचा भाग असला, तरी केवळ मोजणी केल्याने अंतर कमी होत नाही, हेही त्यातून दिसून आले. पुढे राज्यपालांच्या निर्देशांनी सिंचनाच्या निधीवाटपास काही शिस्त आली.

मंडळांना करआकारणीचा वा स्वतंत्र खर्चाचा अधिकार नव्हता. त्यांचे स्वरूप मुख्यतः सल्लागारी होते. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांच्या पुनर्रचनेचा निर्णय घेतला. ज्या हमीची मुदत वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते, तिच्यावर दीर्घकालीन नियोजन उभे राहू शकत नाही. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात अनुशेषाच्या केवळ आर्थिक हिशेबापलीकडे जाऊन पाणी, शिक्षण, आरोग्य व प्रादेशिक पातळीवरील निर्णयाधिकार यांवर भर दिला.

हिंगोली जिल्ह्याचा अनुभव : परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा निर्माण झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव हे त्याचे पाच तालुके. २०११ मध्ये त्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. सिद्धेश्वर धरण या जिल्ह्यात व पैनगंगेवरील इसापूर धरण त्याच्या सीमेवर आहे. तरीसुद्धा सिंचनाचा अनुशेष दीर्घकाळ उरलेल्या जिल्ह्यांत हिंगोलीची गणना झाली. धरणाचे पाणी उताराने सखल भागाकडे जाते आणि वरच्या उंचसखल जमिनी पावसावर अवलंबून राहतात. मराठवाड्याने मुंबईविरुद्ध जी तक्रार केली, तीच प्रदेशाच्या अंतर्भागातही उद्भवू शकते. परभणी जिल्ह्यात असताना या तालुक्यांची उणीव जिल्ह्याच्या सरासरीत झाकली जाई. जिल्हा स्वतंत्र झाल्यावर ती वेगळी मोजता येऊ लागली. जिल्हानिर्मितीचा हा सर्वांत मोठा, पण फारसा न बोलला जाणारा लाभ होय.

मूल्यमापन : मराठवाड्याच्या सात-आठ दशकांच्या वाटचालीतून अग्रक्रमांचा एक क्रम सूचित होतो. भाषा व प्रातिनिधिक शासन यांना प्रथम स्थान देणे योग्यच होते. त्यांवाचून पुढील कोणतीच मागणी लोकांच्या तोंडी आली नसती. पाणी, दळणवळण व शिक्षण यांच्या संस्था मात्र संयोगाच्या वेळीच मुदतीसह ठरविल्या गेल्या नाहीत, आणि त्याची किंमत दोन पिढ्यांनी मोजली. हिशेब जाहीर करण्याचे बंधन, स्वतंत्र निधी आणि निर्णय घेणारी स्थानिक यंत्रणा या तीन गोष्टींच्या अभावी सदिच्छेने केलेला करारही दुबळा ठरतो. त्याचबरोबर मिळालेला अधिकार जिल्हा, तालुका व गाव यांपर्यंत पोहोचला नाही, तर सत्ताकेंद्राचे केवळ स्थलांतर होते. १९४८ मध्ये मिळालेल्या मुक्तीचा आशय या अर्थाने अद्याप विस्तारत आहे.